मुलीच्या कॅनव्हासवर मला काहीच दिसत नाही. आधुनिक चित्र बघायचं कसं?

टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला एकतीस वर्षं काढली. मुलगी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी तिने एक कॅनव्हास घरी आणला, तीन फूट बाय चार फूट. पूर्ण राखाडी. खालच्या अंगाला एक फिकट आडवा पट्टा, बस. मी सहज विचारलं, "पूर्ण कधी होणार?" ती म्हणाली, "झालंय बाबा." आणि आत गेली. रात्री जेवायला बाहेर आली नाही.

मला वाईट वाटलं. तिला दुखवायचं नव्हतं, मला खरंच कळलं नव्हतं. मग तिचं कलेच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन बसलो. इम्प्रेशनिझम, फॉविझम, क्यूबिझम, फ्युचरिझम, दादा, सररिअलिझम... पंचवीस तरी नावं असतील. वाटलं, क्रमाने पाठ केली की उलगडेल. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं.

दोन प्रश्न आहेत. हे इझम माहीत असल्याशिवाय चित्र कळत नाही का? आणि ज्या चित्रात ओळखीचं काही नाही, त्याच्यासमोर उभं राहून माणसाने करायचं काय?

खारीगाव_फाटक

पहिलाच धागा आणि इतका मनापासून! लिहीत राहा. मलाही हेच विचारायचं होतं, फक्त धीर होत नव्हता.

रंगपेटी

मी ठाण्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली असतील त्याची गणतीच नाही. एक गोष्ट सांगते.

वासिली कांडिन्स्की कायद्याचा अभ्यासक होता. १८९६ च्या सुमारास मॉस्कोत फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे तो मोनेच्या एका चित्रासमोर उभा राहिला आणि हे काय आहे ते त्याला ओळखूच येईना. शेवटी कॅटलॉग बघितला, तेव्हा कळलं की ती गवताची गंज आहे. ओळखता आलं नाही म्हणून तो अस्वस्थ झाला. चित्रकाराने इतकं अस्पष्ट काढायला नको होतं, असंही त्याला वाटलं. पण चित्र मनातून जाईना. त्याच वर्षी, तिशीत, कायदा सोडून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. पुढे ज्यांनी अमूर्त चित्राची वाट पाडली त्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत आहे.

म्हणजे "कळलं नाही" यापासूनच त्याची सुरुवात झाली. तुमचीही तिथूनच झाली आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही, इझम आधी लागत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे, रात्री लिहिते.

कोपरीकर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात मॉरिझिओ कॅटेलानने भिंतीवर चिकटपट्टीने केळं चिकटवलं आणि ते एक लाख वीस हजार डॉलरला विकलं गेलं. २०२४ मध्ये त्याचीच एक आवृत्ती लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेली. घेणाऱ्याने ते खाल्लं. माझे वडील मिलमध्ये डिझाइन विभागात होते. साडीच्या काठाची एक वेल बसवायला त्यांना आठवडा लागायचा. त्यांच्या हाताला कुणी कलाकार म्हटलं नाही, आणि केळ्याला म्हणतात. तुम्ही म्हणाल मला कळत नाही. मला नीट कळतं, आणि म्हणूनच राग येतो.

खारीगाव_फाटक

@कोपरीकर, तुमच्या वडिलांवर एक वेगळा धागा काढाच. मी वाचेन.

नौपाडा_स्लो

पाठांतर करू नका, फक्त कोणत्या अडचणीतून काय निघालं ते बघा. मी माझ्यासाठी लावलेली साखळी देतो.

१८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला. हुबेहूब चेहरा काढणं हे चित्रकाराचं पोट होतं, त्यावर गदा आली. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत, बाहेर नेणं कटकटीचं होतं. आणि तिसरी गोष्ट रेल्वे. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवर गाडी पकडायची आणि आर्जांतईला नदीकाठी उतरून उन्हात चित्र काढायचं. मोनेने १८७७ मध्ये त्या स्टेशनचीच बारा चित्रं काढली, वाफ आणि धूर. ज्या ठाण्यात १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, तिथल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

तर मोनेने विचारलं, वस्तू सोडा, तिच्यावरचा प्रकाश काढता येईल का? आला. पण प्रकाशात सगळं विरघळायला लागलं, म्हणून सेझानने वस्तूचं वजन परत आणलं. त्यावरून पिकासो आणि ब्राक म्हणाले, वस्तू एकाच बाजूने का बघायची? समोरून, वरून, मागून, सगळं एका पृष्ठभागावर मांडू. तो क्यूबिझम. मग पुढच्यांनी विचारलं, वस्तू मुळात हवीच कशाला? मालेविचने १९१५ मध्ये पांढऱ्यावर काळा चौकोन टांगला. आणि १९१७ मध्ये द्युशाँने विचारलं, कलाकाराचा हात तरी कशाला हवा?

प्रत्येकाने आधीच्याकडून आलेलं एकेक ओझं उचलून बघितलं की हे खरंच लागतं का. मला तरी साखळी अशी लागली.

सीवूड्सवाली

@नौपाडा_स्लो, साखळी आवडली, पण थोडी सरळ झाली. खऱ्यात हे लोक एकाच वेळी एकाच शहरात एकमेकांशी भांडत होते. बरीच नावं तर टीकाकारांच्या टोमण्यांतून आली. १८७४ च्या प्रदर्शनातल्या मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्रावरून एकाने सगळ्यांनाच कुत्सितपणे इम्प्रेशनिस्ट म्हटलं. लुई व्होसेलने १९०५ मध्ये मातिस आणि मंडळींना 'रानटी श्वापदं' म्हटलं, तो फॉविझम झाला. त्याच माणसाने १९०८ मध्ये ब्राकच्या चित्रांत नुसते घन दिसतात असं लिहिलं, तो क्यूबिझम झाला. दोन चळवळींचं बारसं एकाच वैतागलेल्या माणसाने केलं!

अवांतर: मराठीत यांना चांगले शब्द आहेत. दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद. 'घनवाद' म्हटलं की निम्मा अर्थ आपोआप कळतो. आपण ते वापरत का नाही?

खारीगाव_फाटक

'दृक्प्रत्ययवाद' एका दमात तीनदा म्हणून दाखवा.

सीवूड्सवाली

म्हटला. चहा पाजा.

कोपरीकर

@नौपाडा_स्लो, म्हणजे शेवटी हातही टाकला. माझं म्हणणं तेच आहे. वस्तू टाका, प्रकाश टाका, चालेल. हात टाकला की उरतो तो व्यापार.

नौपाडा_स्लो

@कोपरीकर, तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पण द्युशाँच्या बाबतीत एक तपशील बघा. न्यूयॉर्कमध्ये कलाकारांची एक संस्था प्रदर्शन भरवत होती, तिचा नियम होता की फी भरेल त्याचं काम लावायचं, परीक्षक मंडळ नाही. त्याने 'आर. मट' या नावाने मुतारीचं भांडं पाठवलं. त्यांनी ते लावलं नाही. तो स्वतः त्या संस्थेच्या संचालक मंडळावर होता, त्याने राजीनामा दिला. ते मूळ भांडं हरवलं, आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक १९६४ च्या प्रतिकृती. त्यात कमाईचा हिशेब नव्हता. "आम्ही सगळं स्वीकारतो" म्हणणाऱ्यांची ती परीक्षा होती. केळ्यापर्यंत येईस्तोवर त्या परीक्षेचा बाजार झाला, हे मला मान्य आहे.

जव्हारकर

तुम्ही सगळे पॅरिसलाच का जाताय? माझं आजोळ जव्हारचं. आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आत पालघाट देवी. चौक 'लिहितात' म्हणतात, 'काढतात' नाही. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस, आणि तो नाचतोही. मालेविचच्या चौकोनाचं कौतुक ऐकलं की मला मामीची भिंत आठवते.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे लग्नविधीबाहेर आणलं. पुरुष असून रोज काढायला लागले, कागदावर, कापडावर. २००३ मध्ये रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. मग आधुनिक कोण?

घणसोली_सेक्टर_सात

@जव्हारकर, मामीच्या भिंतीला आधुनिक म्हटल्याने तिचा मान वाढतो असं मला वाटत नाही. ती भिंत लग्नासाठी आहे, देवीसाठी आहे. मालेविचचा चौकोन कशासाठीच नाही, आणि त्याचं म्हणणंही तेच होतं. आकार सारखे असले तरी कामं वेगळी आहेत. १९०७ मध्ये पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे बघून हादरला. तेही विधीचे होते. त्याने आकार घेतला, विधी मागे ठेवला. आपणही वारलीचा आकार तेवढा उचलून कुशनच्या खोळीवर छापतोच की.

जव्हारकर

कुशनचं बरोबर बोललात. मलाही ते बघवत नाही. पण म्हसे रोज नवीन काढत होते. माशाचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, रेल्वे. विधीपलीकडे जाऊन एका माणसाने स्वतःच्या नजरेने काढलं. त्या अर्थाने ते आधुनिकच, या मतावर मी ठाम आहे.

बेलापूरची

वारूळ वाचून आमची कॉलनी आठवली. मी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजजवळ वाढले. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशा तीन अंगणांचा मिळून मोठा गट. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, कारण प्रत्येकाला पुढे घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंच! आज मूळ उतरत्या छपराचं घर शोधावं लागतं, बाकी मजले चढलेत, ग्रिल लागलेत. काही वास्तुप्रेमींना वाईट वाटतं. मला नाही वाटत. वाढायला जागा ठेवणं हाच त्या आराखड्याचा भाग होता. आधुनिक कला म्हणजे फक्त भिंतीवरचा कॅनव्हास नाही, एवढंच म्हणायचं होतं.

खारीगाव_फाटक

तिथे रविवारी गेलं तर चालतं का? आणि खायला जवळ काय?

बेलापूरची

रस्ते उघडे आहेत, पण लोक राहतात तिथे. अंगणात शिरून फोटो काढू नका. खायला स्टेशनकडे भरपूर.

टूलरूमवाला

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. कांडिन्स्कीची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. तिला माहीत होती, पण मी वाचतोय हे बघून ती हसली. आज जेवायला एकत्र बसलो.

एक विचारतो. हे सगळं पॅरिस-न्यूयॉर्कमध्ये चाललं होतं, तर मुंबईत कुणी हात दिला? आमच्यापर्यंत आलं कसं?

रंगपेटी

आता सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ चं. तिथे ब्रिटिश पद्धतीचं शिक्षण, प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अचूक रेखाटन. त्याची शिस्त वाईट नव्हती, चित्रकार धुरंधरांसारखा हात तिथेच घडला. पण १९४० च्या दशकातल्या पोरांना ते अपुरं वाटायला लागलं. बंगालकडून आलेलं जुन्या भारतीय शैलींचं पुनरुज्जीवनही त्यांना स्वतःचं वाटेना. त्यातच नाझींच्या भीतीने युरोप सोडलेली काही माणसं मुंबईत येऊन राहिली होती. चित्रकार लँगहॅमर, समीक्षक फॉन लायडन, संग्राहक श्लेसिंगर. यांच्या घरी ही पोरं पुस्तकं बघायची, वाद घालायची.

१९४७ मध्ये सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. जे.जे.तून काढून टाकलेला गोव्याचा सूझा, रझा, पंढरपूरला जन्मलेले आणि सिनेमाची पोस्टरं रंगवणारे हुसेन, गाड्या धुण्यापासून सुरुवात केलेला आरा, विदर्भातले गाडे आणि शिल्पकार बाकरे. जात, धर्म, गाव काहीच जुळत नाही, आणि चित्रंही एकमेकांसारखी नाहीत. म्हणून मी त्यांना 'शैली' म्हणत नाही. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच, की कसं काढायचं ते दुसऱ्याने सांगायचं नाही. काही वर्षांतच पांगले. सूझा लंडनला, रझा पॅरिसला.

त्यांच्यात थोडं नंतर आले वासुदेव गायतोंडे. तुमच्या मुलीचा राखाडी कॅनव्हास वाचल्यावर मला तेच आठवले. ते ब्रश क्वचित वापरत. रोलर आणि पॅलेट नाइफ. रंगाचा थर द्यायचा, उचलायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करत. 'अमूर्त' हा शब्द त्यांना पसंत नव्हता. २०१५ मध्ये त्यांचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. कोपरीकर, मला माहीत आहे, आता तुम्ही हेच धराल. पण ते २००१ मध्ये गेले, आयुष्य साधेपणाने काढलं, आणि यातला पैसा त्यांनी बघितला नाही.

टूलरूमवाला, तुम्हाला एकच सांगते. "हे काय आहे?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी "हे केलं कसं?" असं विचारा. आयुष्यभर तुम्ही तेच बघत आलात.

कोपरीकर

@रंगपेटी, गायतोंड्यांचं नाही धरणार. खरवडून पुन्हा थर देणं हे काम आहे, ते मला समजतं. केळ्यावरचं मत कायम.

पोखरण_रोड_दोन

आश्चर्य आहे, ठाण्याच्या धाग्यावर सुधीर पटवर्धनांचं नाव अजून आलं नाही! पुण्याच्या एएफएमसीत डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं काम केलं आणि बाजूला चित्रं काढली. चित्रकलेची पदवी नाही. त्यांच्या चित्रांत काय आहे? रेल्वेचा पूल, इराणी हॉटेल, ठाण्यातलं पोखरण, उल्हासनगर, डोंगर कापून उभ्या राहिलेल्या इमारती, कामावरून परतणारी माणसं.

आणि इथेच @नौपाडा_स्लो यांच्या साखळीला एक वळण द्यावं लागतं. १९८१ मध्ये पटवर्धन, भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मालानी आणि जोगेन चौधुरी यांनी 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन केलं. चित्रात माणसाला, त्याच्या गल्लीला, त्याच्या गोष्टीला पुन्हा जागा हवी, हे त्यामागचं म्हणणं. म्हणजे वस्तू टाकत टाकत रिकाम्या चौकोनापाशी संपणारी ही सरळ वाट नव्हे. टाकलेलं कुणीतरी परत उचलून आणतं.

२०१९-२० मध्ये मुंबईच्या एनजीएमएला (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन होतं. मी आईला घेऊन गेलो होतो. गुडघ्यांमुळे ती दर मजल्यावर बसत होती. एका चित्रासमोर म्हणाली, "ही माणसं रोज आपल्या डब्यात असतात." बाकी काही बोलली नाही. निघताना परत त्याच चित्रापाशी जाऊन उभी राहिली.

नौपाडा_स्लो

वळण मान्य. साखळीऐवजी रेल्वेचं यार्ड म्हणू, गाड्या उलट्याही येतात.

सीवूड्सवाली

आजचं काही सांगायचं तर घाटकोपरचे अतुल दोडिया. त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं केली. शटर वर केलं की आत दुसरं चित्र. हा प्रकार मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. आणि नलिनी मालानींनी १९९२ मध्ये एका गॅलरीच्या भिंतीवर थेट चित्र काढलं आणि प्रदर्शन संपल्यावर पुसून टाकलं. विकायला काही उरलंच नाही. कोपरीकर, हे तुम्हाला आवडेल असं वाटतं.

कोपरीकर

हे आवडलं. रांगोळीसारखं आहे.

घणसोली_सेक्टर_सात

जाणाऱ्यांसाठी: एनजीएमए सोमवारी बंद असतं. जहांगीर आर्ट गॅलरी जवळच आहे, तिथे तिकीट नाही. एका दिवसात सगळं बघू नका. तीन चित्रं निवडा, प्रत्येकापुढे दहा मिनिटं. शेजारची पाटी शेवटी वाचा. आमच्या घरात ही पद्धत टिकली, पोरंही कंटाळली नाहीत.

टूलरूमवाला

चार दिवसांनी लिहितोय.

रंगपेटी बाईंचं वाक्य डोक्यात होतं, हे केलं कसं. काल सकाळी मुलगी कॉलेजला गेल्यावर कॅनव्हास खिडकीशी उभा केला. जॉबचं फिनिश बघताना प्रकाश आडवा पाडतात. समोरून सगळं गुळगुळीतच दिसतं, आडव्या उजेडात ओरखडा कळतो. तसाच तिरका धरला. राखाडी एक नाहीच. खाली निळा आहे, त्याच्याखाली गेरूसारखं काहीतरी, कडेला ते डोकावतं. रोलरच्या खुणा एकदा उभ्या, एकदा आडव्या. आणि तो फिकट पट्टा वरून दिलेलाच नाही. बोट जवळ नेलं, हात लावला नाही. तो खोल आहे. वरचे थर खरवडून खालचा बाहेर काढलाय.

संध्याकाळी तिला एवढंच विचारलं, "पट्टा खरवडलाय ना?" ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. मग सांगत बसली. नऊ थर. प्रत्येक वाळेपर्यंत थांबायचं. दोनदा घाई केली तर सोलून निघाले, ते तिने तसेच ठेवले, उजव्या कोपऱ्यात आहेत. साडेदहा वाजले, कुकर लावायचा राहिला.

चित्र कळलं असं मी म्हणणार नाही. ती काय म्हणते आहे ते अजून माझ्या हाताला लागलेलं नाही. पण आता मी त्याच्यासमोर उभा राहू शकतो, आज सकाळी चहा घेऊन उभा होतोच. रविवारी आम्ही दोघं काळा घोड्याला जातोय. तीन चित्रं, दहा-दहा मिनिटं.

आणि एक सापडलं. कॅनव्हासची चौकट काटकोनात नाही. दोन्ही कर्ण मोजले, सहा मिलिमीटरचा फरक. बाजारातून आणलेली तयार चौकट, कोपरे नुसते स्टेपल केलेत. तिला म्हटलं, पुढची मी करतो, कोपऱ्यांत खाच घालून, मागून पाचरी, म्हणजे कापड सैल पडलं तर ताणता येईल. ती म्हणाली, पाच बाय सहा फूट हवी. ठाण्यात नीट वाळलेल्या, न वाकणाऱ्या पाईनच्या रिपा कुठे मिळतील?

कोपरीकर

पाच बाय सहाला मध्ये एक आडवी पट्टी द्यावीच लागेल, नाहीतर ताणाने बाजू आत येतात. रिपा घेताना टोकाला डोळा लावून सरळ आहेत का ते बघून घ्या. माझ्या ओळखीची वखार आहे, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. शनिवारी मी मोकळा आहे, टेम्पो लागला तर सांगा.